सायगांच्या जिवाला धोका

दोह्याच्या अल मन्सूरा भागातल्या किराणा दुकानात मी कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करून बघत होते, तेवढ्यात पर्समधला फोन किंचाळला. तो आवाज मीच निवडलेला, मेल्यासारख्या झोपेतूनही उठवील असा. शेड दोन, आतलं तापमान एकोणतीस, मर्यादेबाहेर. जुडी हातातून पडली. झालं ते एवढंच. खरं तर असा संदेश महिन्यातून दोनदा येतो आणि एकाच वेळी चौघांना जातो: मला, प्राणीकेंद्राच्या मॅनेजरला, एसीच्या माणसाला आणि देखभालीचं कंत्राट असलेल्या कंपनीच्या कंट्रोल रूमला. चार फोन चार ठिकाणी बोंबलतात आणि शुक्रवारची सुट्टी असो की ईद असो, सहा मिनिटांच्या आत कुणी ना कुणी शेडच्या दारात उभं असतं. आत्ताही मी जुडी उचलून बाकीची भाजी घेईपर्यंत दुसरा संदेश आला. दार नीट लागलं नव्हतं, लावलं, सगळं ठीक. एकूण पाच मिनिटं. मी ते वाचलं आणि मला असा संताप आला की ती जुडी समोरच्या टोमॅटोंवर आपटावीशी वाटली. गेल्या मंगळवारी त्याच शेडच्या पत्र्यावर आमचा पाइप फिटर बाजीराव पडला होता, आणि तो पडलाय हे कळायला चाळीस मिनिटं लागली होती. त्याच्यासाठी कुणाचाच फोन किंचाळला नाही. मागून कुणीतरी विचारलं, "बहनजी, आप लाइन में हो क्या?" मी हो म्हटलं आणि पुढे सरकले.

फोन परत वाजला, पण या वेळी साधा. भारतातला नंबर. सकाळपासून नववा कॉल. मी तो वाजू दिला. नंबर माझ्याकडे साठवलेला नव्हता, तरी कुणाचा आहे हे पहिल्याच वेळी कळलं होतं, कारण बाजीरावने मला एकदा सांगितलं होतं, "तुमचा नंबर घरी दिलाय बरं का बाई, नड पडली तर." आणि मी हसून म्हटलं होतं, द्या की. केवढा मोठेपणा माझा! फोन ठेवताना पर्समधल्या घडी घातलेल्या पिवळ्या कागदाला बोट लागलं आणि मी हात चटकन बाहेर काढला.

मी जनावरांची डॉक्टर. नाशिकची, परळच्या कॉलेजात शिकलेली. सायगा नावाचं हरीण जगात आहे हे मला पंचविसाव्या वर्षापर्यंत ठाऊकही नव्हतं, आणि नंतर दोन मे महिने मी कझाकस्तानच्या गवताळ माळावर त्यांच्या मागे चालत काढले. मेंढीएवढं जनावर, पाय काडीसारखे आणि तोंडावर फुगलेलं, खाली लोंबणारं नाक. पहिल्यांदा बघणारा हसतोच. पण ते नाक म्हणजे नुसतं ध्यान नाही. हजारो जनावरं एकदम धावतात तेव्हा उठणारी धूळ त्यात गाळली जाते आणि हिवाळ्यातली बर्फाळ हवा फुप्फुसात जाण्याआधी त्यात ऊन होते. उन्हाळ्यात उत्तरेला, हिवाळ्यात दक्षिणेला, शेकडो मैल, वर्षानुवर्षं. मे महिन्यात माद्या एकाच जागी जमतात आणि आठवड्याभरात सगळ्या वितात. पिल्लं गवतात जमिनीला चिकटून पडून राहतात, पाय लागेपर्यंत दिसत नाहीत. आम्ही त्यांना कापडी पिशवीत घालून वजन करायचो. त्याआधी हातमोजे तिथल्या एका झुडपावर खसाखसा चोळायचे, आईला माणसाचा वास येऊ नये म्हणून. त्या झुडपाला थेट दवण्याचा वास येतो. पहिल्या दिवशी मी तिथे, त्या परक्या माळावर, चैत्रातलं आमचं देवघर आठवून रडले होते. एका जिवाला हात लावायचा तर आधी आपला वास पुसायचा, इतकी काळजी मला तिथे शिकवली गेली होती. ती मी शिकले, पण फक्त हरणांपुरती.

इथे, दोह्यापासून तासाभरावर, मालकांचं खासगी प्राणीकेंद्र आहे. मालकांना मी चार वर्षांत दोनदा पाहिलं. त्यांना कुणीतरी सांगितलं की शिंगांच्या औषधासाठी मारून मारून सायगा संपत आलेत, नर तर एके काळी इतके मारले की माद्यांना जोडीदार उरला नाही. मालकांना वाईट वाटलं. त्यांनी विमानाने अकरा सायगा मागवले आणि त्यांच्यामागे मला. वाळवंटात पत्र्याची शेड, आत एसी, छपरावर पाण्याचे बारीक फवारे, जमिनीवर आणलेलं गवत. ज्या जनावराचा जीव चालण्यावर जगतो त्याला साठ फूट बाय चाळीस फूट. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं की हे बरोबर नाही. पगार बघितला आणि म्हटलं, संवर्धन आहे.

बाजीराव त्या शेडवर कंत्राटी कंपनीचा पाइप फिटर होता. माण तालुक्यातला धनगर. बाप दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा, पावसाच्या आधी परत. बाजीराव दहा वर्षांचा होईतो त्या वाटेवर चालला, पुढे मेंढरं विकली, आयटीआय केलं आणि मग ही वाट धरली, दोन वर्षांतून एकदा परत जायची. बिरकत अल अवामेरच्या कामगार कॅम्पात एका खोलीत सहा जण राहायचे. शेडवर मराठी बोलणारे आम्ही दोघंच, तिसरा, त्याच्या खोलीतला हरिदास, कधीमधी यायचा. पहिल्या दिवशी सायगांकडे बघून बाजीराव म्हणाला होता, "ह्यास्नी हितं कुनी आनलं, बाई?"

"मालकांनी."

"मग बरूबर. आपल्यास्नी बी त्येंनीच आनलंय." आणि तो एवढ्या मोठ्याने हसला की सगळी अकरा जनावरं एका कोपऱ्यात पळाली आणि मी त्याला झापलं. नंतर तो शेडमध्ये कधी मोठ्याने बोलला नाही. मला मात्र तो नेहमी एकच सांगायचा, हातातला पाना खाली ठेवून, शाळामास्तरसारखा. "मेंढरू चाललं पायजे बाई. बसून ऱ्हायलं की मानसागत कुजतंय." मी पदवीधर बाई, मान डोलवायचे आणि मनात म्हणायचे, याला काय कळतंय.

मंगळवारी सकाळी तो दारात आला. "बाई, मुंड्या घालाया लागलीत."

मला समजलं नाही. त्याने दाखवलं. ऊन असह्य झालं की मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकं घालून गोल करून उभ्या राहतात, तिथे काय सावली मिळेल तेवढी. सायगा तसेच उभे होते, काचेच्या पलीकडे, एसीत. तापमान मोजायचं यंत्र मी एसीच्या झोतासमोर लावलं होतं, म्हणून ते सव्वीस दाखवत होतं. मी आत जाऊन हातातल्या यंत्राने मोजलं: एकतीस, आणि हवा ओलीचिंब. छपरावरची फवाऱ्यांची लाइन फुटली होती. दोन माद्या दिवस भरत आलेल्या. मी घाबरले. आणि त्याच आठवड्यात कझाकस्तानातून जुन्या सहकाऱ्यांचे फोटो येत होते. माळावर विणीला जमलेल्या माद्या उभ्या उभ्या कोसळत होत्या, पिल्लं मेलेल्या आयांना लुचत होती, दोन-तीन दिवसांत कळपच्या कळप आडवा. माझ्या डोळ्यासमोर तेच होतं. मी कामाची परवानगी लिहायचं परमिटबुक ओढलं.

फाटकावर लाल झेंडा चढलेला होता. लाल म्हणजे उष्मा आणि दमटपणा इतका की उघड्यावर, छपरावर काम बंद. हा कंपनीचाच नियम. सरकारी दुपारची सुट्टी पंधरा जूनला सुरू होणार होती, अजून तीन आठवडे होते, आणि उन्हाला तारीख कळत नाही. पण परमिटवर लाल झेंड्यातून पळवाट काढणारा एक चौकोन असतो: जिवाला धोका. त्यापुढे रेघ, कुणाच्या ते लिहायला. मी चौकोनात खूण केली आणि रेघेवर लिहिलं, सायगा, अकरा. खाली माझी सही. बाजीरावने एकदा झेंड्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"तांबडं हाय, बाई."

"अर्ध्या तासाचं काम आहे, बाजीराव. करून टाका ना. यल्ला, चला."

"करतो की," तो म्हणाला आणि डोक्याला पंचा गुंडाळून शिडी चढला. पाण्याची बाटली परमिटच्या पेटीवर राहिली. ती मी पाहिली होती. हेही मी सांगून टाकते, की मी ती पाहिली होती आणि मनात म्हटलं होतं, लगेच तर येतोय.

पंचवीस मिनिटांत फवारे सुरू झाले. आकडा उतरू लागला, तीस, एकोणतीस, अठ्ठावीस. सायगांनी डोकी बाहेर काढली. मला एवढा आनंद झाला की मी आत जाऊन माद्यांजवळ बसून राहिले. परमिटच्या तळाशी आणखी एक चौकोन असतो, 'माणूस सुखरूप खाली उतरला', आणि तिथे ज्याने वर पाठवलं त्यानेच सही करायची असते, डोळ्यांनी बघून. मी बसले होते मादीच्या पोटाला हात लावून. हरिदास जेवायला हाक मारायला आला तेव्हा त्याला शिडी दिसली. पत्र्यावर हात टेकवत नव्हता, असं तो म्हणाला. बाजीराव फवाऱ्यापासून दोन हातांवर पालथा पडलेला. पाणी त्याच्यापर्यंत येत नव्हतं, उतार उलट्या दिशेला होता.

गुरुवारी कागद आला. नैसर्गिक मृत्यू, हृदय व श्वसन बंद पडल्याने. वय एकेचाळीस. अहो, हृदय आणि श्वास बंद पडतो तेव्हाच माणूस मेला म्हणतात, ते कारण कसं होईल? माझ्या शेडमधलं एक पिल्लू मेलं तर मला फुप्फुस, यकृत, प्लीहा उघडून, तुकडे बाटलीत घालून तीन पानी अहवाल द्यावा लागतो. नाही दिला तर मॅनेजर दारात. तिकडे माळावर मृतांचा आकडा लाखाच्या पुढे गेला होता आणि माझे सहकारी उन्हात गुडघ्यावर बसून एकेक मढं कापत होते. कारण त्यांना अजून सापडलं नव्हतं. पुढे तीन वर्षांनी पक्कं झालं की एक जंतू, जो सायगांच्या घशात एरवी निमूट राहतो, नेहमीपेक्षा उष्ण आणि दमट हवेच्या त्या काही दिवसांत उलटला. पण त्या आठवड्यात, काहीच माहीत नसताना, माझ्या सहकाऱ्यांतल्या एकानेही 'नैसर्गिक' लिहिलं नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं, कारण अज्ञात, तपास चालू. हरणाला एवढा मान मिळाला. बाजीरावला कुणी उघडलं नाही, कुणी विचारलं नाही, पाच मिनिटांत शिक्का बसला.

दुकानाबाहेर पडले तर ऊन अंगावर धावून आलं. रस्त्याच्या मधोमध मेट्रोचं खोदकाम, त्याभोवती उंच पत्रे, पत्र्यांवर फुटबॉल आणि दोन हजार बावीस. पत्र्यांच्या सावलीच्या हातभर पट्टीत माणसं ओळीने बसलेली, गुडघे पोटाशी आणि मान एकमेकांच्या खांद्याआड. मी थांबले. मुंड्या घातल्या होत्या त्यांनी. चार वर्षं मी या रस्त्याने भाजी आणते आहे, आणि हे मी कधी बघितलं नव्हतं.

शशिकांत गाडीत एसी लावून बसला होता. माझा नवरा त्याच कंत्राटी कंपनीत सेफ्टी मॅनेजर आहे. लाल झेंड्याचा नियम त्याने लिहिलेला, परमिटचे चौकोन त्याने आखलेले. वाईट माणूस नाही तो. घरात मुंगी दिसली तर फुंकर मारून बाजूला करतो. मी दार लावलं तसं तो म्हणाला, "शेडचं कळलं. दारच होतं ना? थँक गॉड." आणि लगेच, "पिवळी प्रत सापडली?"

परमिटच्या तीन प्रती निघतात. पांढरी सेफ्टी ऑफिसात, गुलाबी सुपरवायझरकडे, पिवळी शेडवर. पांढरी आणि गुलाबी बुधवारी नाहीशा झाल्या. आता कागदोपत्री मंगळवारी छपरावर काम नव्हतंच. बाजीराव स्वतःच्या मनाने वर गेला होता, कशाला ते देव जाणे.

"नाही," मी म्हटलं.

"नीट बघ. पूर्णिमा, हे मी माझ्यासाठी नाही करत. त्यावर सही तुझी आहे. उद्या दुपारच्या फ्लाइटने बॉडी जातेय, इन्शाल्ला परवा गावी सगळं उरकेल. खलास. त्याच्या घरी कंपनी काहीतरी पाठवेलच."

"शवविच्छेदन नाही झालं, शशी."

"कशाला त्याची चिरफाड? बायकोला ते आवडेल का?"

"तिला विचारलं कुणी?"

"तू विचारणार आहेस? काय सांगशील तिला? इथे तुझा पासपोर्ट कुणाकडे आहे, माहितीये ना? मालकांच्या सहीशिवाय आपण एअरपोर्टचं दारही ओलांडू शकत नाही. आपल्या नमिताची शाळा आहे. डोकं ठिकाणावर ठेव."

त्याचं एकही वाक्य खोटं नव्हतं. मला त्याचाच राग आला, की सगळं खरं बोलून हा माणूस एवढं मोठं खोटं उभं करू शकतो. आणि त्याच्यावर तरी काय चिडायचं? बुधवारी रात्री तो म्हणाला होता, मी बघतो सगळं, तू झोप, आणि मी झोपले होते. गाढ. सकाळी उठून चहा घेतला, त्यात वेलची घातली. चार दिवस मी जगावर डाफरत होते, डॉक्टरवर, मालकांवर, झेंड्यावर, आणि नऊ वेळा फोन वाजू दिला होता. राग किती सोयीचा असतो. तो पुरवून पुरवून वापरला तर स्वतःपर्यंत यायच्या आत संपतो.

फोन दहाव्यांदा वाजला. शशिकांतने स्क्रीनवर बघितलं. "कट कर," तो म्हणाला. मी उचलला.

"हॅलो. बाई का? म्या केसर बोलती. बाजीरावांची मंडळी." आवाज घोगरा, पण शांत. मागे बायकांचं बोलणं, भांड्यांचा आवाज. "कवाधरनं लावती. उचलंना कुनी."

"हो. चूक झाली माझी," मी म्हटलं.

"ह्यांनी नंबर दिलावता. म्हनले, हितं आपल्यावानी बोलनारी बाई हाय, काय झालं तर तिला इचार, ती खोटं सांगायची न्हाय. कंपनीचा मानूस हिंदीत बोलतुया, मला निम्मं कळंना. म्हनतो, आपसूक ग्येले. हरिदास भावजी नुस्तं रडत्यात. चांगला धडधाकट मानूस आपसूक कसा जाईल, बाई? काय झालं त्येवडं सांगा."

शशिकांत माझ्याकडे बघत होता. त्याने गाडीचं इंजिन बंद केलं आणि एसी थांबला. मी पर्समधून पिवळा कागद काढला, मांडीवर उलगडला आणि वाचून दाखवला. तारीख, वेळ, लाल झेंडा. चौकोन. नंतर जे कागदावर नव्हतं तेही: मुंड्या त्यानेच ओळखल्या ते, पाण्याची बाटली, पंचवीस मिनिटं, चाळीस मिनिटं. जिथे अडखळले तिथे थांबले, पण वगळलं काही नाही. पलीकडची भांडी वाजायची थांबली होती.

"त्येंला वर कुनी धाडलं?" केसरबाईंनी विचारलं.

"मी."

"कागदावर नाव तुमचंच हाय?"

"माझंच. खाली उतरल्याची सही करायची होती, ती मी केली नाही. केसरबाई, नीट ऐका. पेटी मुंबईला उतरली की लगेच गावी नेऊ नका. सरकारी दवाखान्यात तपासणी मागा, अग्नी द्यायच्या आधी. हा कागद मी आत्ता फोनवर पाठवते. तो दाखवा."

शशिकांतने दार उघडलं, बाहेर गेला आणि उन्हात पाठमोरा उभा राहिला. मी वाट बघत होते शिव्यांची. मला त्या हव्या होत्या. तिने शिव्या घातल्या असत्या, तळतळाट दिले असते, तर मला ते सोपं गेलं असतं. पण तिने विचारलं ते भलतंच.

"ती हरनं," ती म्हणाली. "ती जगली का?"

"जगली."

"समदी?"

"अकराच्या अकरा. बुधवारी एक मादी व्याली. दोन पिल्लं आहेत."

"ह्ये मला सांगायचे त्येंचं. फोनवर लई बोलायचे. नाकं कशी हायती, डोळं कसं हायती." तिचा आवाज तिथे पहिल्यांदा फुटला, आणि तिने तो परत गोळा केला. "मग तसंच लिवा, बाई. नाव घालून लिवा. मेंढरं वाचवाया चढला, तुम्ही चढवला आन् खाली बघितला न्हाई, आसं लिवा. आपसूक मेला म्हनू नका."

मी कोथिंबिरीची पिशवी बाजूला सारली, पेन काढलं आणि पिवळा कागद उलटा केला.